कॅल्शियम चालूच होतं, साहेब

शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस करताना मला तीस वर्षे होऊन गेली. या काळात काही शब्द दवाखान्यातून घराघरांत गेले आणि तेथेच कायमचे राहिले. ‘बीपी’ आणि ‘शुगर’ हे त्यांपैकी दोन, तिसरा ‘कॅल्शियम’. गुडघा दुखला, हाताला मुंग्या आल्या, नखावर पांढरा ठिपका दिसला, पायात गोळा आला की रुग्ण खुर्चीवर बसण्याआधीच निदान सांगून मोकळा होतो : ‘कॅल्शियम कमी झालं असंल, साहेब.’ या शब्दाला कसलाही कलंक नाही. कॅल्शियम कमी असलेल्या माणसाकडे कोणी चमकून पाहत नाही, त्याची सोयरीक मोडत नाही, त्याला गावच्या पंगतीत वेगळे बसवत नाही. म्हणूनच हा शब्द मी एकदा आडोसा म्हणून वापरला. त्याची ही हकीकत आहे.

१९९७ सालचा चैत्र होता. पाथर्डी तालुक्यातील एका वाडीवरून एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी दोनदा घरात कोसळली होती. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, मग झटके आले, तोंडाला फेस आला, जीभ चावली गेली, कपडे ओले झाले. त्यानंतर तासभर ती गुंगीत होती. एवढे ऐकल्यावर निदानासाठी फार विचार करण्याची गरज नव्हती. मी ‘फिट’ हा शब्द उच्चारताच आईने दाराकडे पाहिले. बाहेर बाकावर भावी सासरचे कोणी तरी बसले होते.

‘साहेब, फेपरं म्हणू नका,’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘पोरीची सोयरीक जमलीय. कॅल्शियम कमी झालंय म्हणा.’

तिची भीती काल्पनिक नव्हती. त्या काळी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे विवाहाला अपात्र ठरविणारे कारण म्हणून वेडाच्या शेजारी लिहिलेले होते. हा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. चरकसंहितेने अपस्माराला निदानस्थानात व चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला, त्याला उपचार सांगितले. आणि आमच्या कायद्याला तो शब्द पुसायला विसावे शतक संपत यावे लागले. हे सारे त्या बाईला ठाऊक नसेल. परंतु गावात काय होते हे तिला ठाऊक होते.

मी तरुण होतो. मला तिची दया आली, आणि दयेपोटी खोटे बोलणे हा मोठेपणा आहे असे त्या क्षणी वाटले. मी दार उघडून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘कॅल्शियम कमी झालंय. गोळ्या चालू ठेवा.’

कागदावर मी दोन औषधे लिहिली. एक कॅल्शियम, माझे बोलणे खरे दिसावे म्हणून. दुसरे फेनिटॉइन, म्हणजे झटक्यांचे खरे औषध. त्याच्याविषयी विचारल्यावर ‘ही ताकदीची आहे, रोज रात्री घ्यायची’ असे सांगितले. दोन्ही गोळ्या कधीही थांबवू नका, असेही बजावले. आपण फार हुशारीने मार्ग काढला, असे मला त्या रात्री वाटले होते.

ज्येष्ठात लग्न झाले. दिवाळी उरकताच नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्यावर गेला. आमच्या भागातून हजारो कुटुंबे अशी दरवर्षी जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बरोबर नेलेल्या गोळ्या पौषात संपल्या. तेथे औषधाचे दुकान दूर होते, हातात पैसा नव्हता. त्यांनी विचार केला, आणि तो विचार मी दिलेल्या माहितीवर बघितला तर अगदी बरोबर होता : आजार कॅल्शियमचा आहे, तेव्हा कॅल्शियमची गोळी चुकवायची नाही, ताकदीची गोळी घरी गेल्यावर पाहू.

फिटचे औषध एकाएकी थांबले की दबून राहिलेले झटके अनेकदा अधिक जोराने उसळतात. तसेच झाले. पहाटे, तोडीला निघण्यापूर्वी, कोपीतल्या चुलीवर ती भाकरी थापत होती. झटका आला आणि तिचा डावा हात विस्तवात गेला.

पुढच्या चैत्रात ती माझ्यासमोर बसली तेव्हा हाताच्या दोन बोटांची कातडी आखडून ती तळव्याकडे वळली होती. मी रागाने विचारले, ‘गोळ्या का थांबवल्या?’ नवरा गोंधळून म्हणाला, ‘नाही साहेब. कॅल्शियम चालूच होतं.’

त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. त्या दिवशी मी दोघांना जवळ बसवून खरे सांगितले. आजाराचे नाव सांगितले, माझे खोटेही सांगितले. मला वाटत होते, हा माणूस आता उठून जाईल. तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, ‘आधी सांगितलं असतं तर ही गोळी मी संपू दिली नसती.’

ती मात्र गप्प होती. निघताना तिने विचारले, ‘मग कॅल्शियमचा यात काहीच संबंध नव्हता का, साहेब?’

‘काहीच नाही,’ असे मी म्हणून गेलो. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की हे माझे दुसरे चुकीचे उत्तर होते. कॅल्शियमचा संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. फक्त तो कमतरतेचा नाही. बहुतेक रुग्णांत रक्तातील कॅल्शियम अगदी ठीक असते. गडबड असते ती मेंदूच्या पेशीत कॅल्शियम किती व केव्हा शिरते याची.

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला ही गोष्ट समजावणे सोपे आहे, कारण त्याला धरण, चारी आणि आवर्तन यांची भाषा येते. मुळा धरण भरलेले असते आणि खाली वावर कोरडे असते. मध्ये दरवाजे असतात. दरवाजा ठरल्या वेळी, ठरल्या मापाने उघडला तर पीक उभे राहते. उघडा राहिला तर माती वाहून जाते. मेंदूतील प्रत्येक चेतापेशी अशाच धरणाच्या पायथ्याशी वसलेली आहे. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम जितके असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्साच शांत पेशीच्या आत मोकळा असतो. हा फरक टिकवण्यासाठी पेशीचे पंप अहोरात्र चालू असतात आणि त्यावर ऊर्जा खर्च होते. पेशीच्या आवरणात कॅल्शियमसाठी विशिष्ट दारे असतात. विजेचा संदेश पेशीच्या टोकाला पोचला की ही दारे क्षणार्धासाठी उघडतात, थोडे कॅल्शियम आत शिरते आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी आपले रसायन पुढच्या पेशीकडे सोडते. आपण वाचतो, आठवतो, हात उचलतो, त्या प्रत्येक वेळी ही लहान लहान आवर्तने सुटत असतात.

पुढच्या पेशीला चेतवणारे मुख्य रसायन ग्लुटामेट, आणि आवरणारे गाबा. या दोघांचा तोल राहिला की मेंदू बाजारपेठेसारखा चालतो : प्रत्येक जण आपापले बोलतो आणि व्यवहार होतो. तोल बिघडला की हजारो पेशी एकदम, एकाच तालात ओरडू लागतात. तो झटका. अशा वेळी ग्लुटामेटने उघडलेल्या दारांतून पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो. एरवी झटका एक-दोन मिनिटांत थांबतो, पंप पाणी उपसतात आणि पेशी सावरते. परंतु तो लांबत गेला, तर ऊर्जा संपते, पंप थकतात, साचलेले कॅल्शियम पेशीची ऊर्जाकेंद्रे बिघडवते आणि प्रथिने तोडणारी विकरे जागी करते. पेशी मरू लागतात.

म्हणूनच आम्ही डॉक्टर मिनिटे मोजतो. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला, किंवा शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर ती तातडीची वेळ आहे. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णाला लगेच रुग्णालयात हलवावे. तोवर करायचे ते थोडेच आहे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, विस्तव, पाणी आणि धारदार वस्तूंपासून दूर ठेवावे, आणि घड्याळाकडे पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल आणि किल्ल्यांचा जुडगा यांनी झटका थांबत नाही. तो बहुधा आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते.

संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. डोक्याला मार, पक्षाघात किंवा दीर्घ झटका यांनंतर काही जणांना लगेच नव्हे, तर महिन्यांनी वा वर्षांनी अपस्मार जडतो. मधल्या शांत काळात आत काय चालते? अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात रॉबर्ट डीलोरेन्झो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर याचा अभ्यास केला. दीर्घ झटका थांबल्यानंतरही स्मृतीशी निगडित भागातील पेशींमध्ये कॅल्शियमची पातळी बराच काळ चढलेली राहते, असे त्यांना आढळले. पूर ओसरला तरी शेत पाणथळच राहावे, तसे. हा शोधनिबंध २००४ सालचा आहे. त्याच्या लेखकांत देशपांडे हे आडनाव पाहून मला उगाचच आपलेपणा वाटला. या चढलेल्या कॅल्शियमला वेळीच उतरवून अपस्मार होण्याआधीच अडवता येईल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याचे दवाखान्यात देता येईल असे उत्तर अद्याप हाती नाही. आजची औषधे झटके अडवतात. अपस्माराचे बीज रुजू न देणारे औषध अजून यायचे आहे. तोवर हेल्मेट हेच त्यातले स्वस्त औषध आहे, असे मी दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येक तरुणाला सांगतो.

कॅल्शियमच्या दारांवर थेट काम करणारे एक औषध मात्र आपल्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका बाईंनी चौथीतल्या मुलीला माझ्याकडे पाठविले. ‘हुशार आहे, पण वाचता वाचता मध्येच हरवते,’ असे चिठ्ठीत लिहिले होते. घरी तिला ‘तंद्री लागते’ म्हणून चापट बसत असे. मी तिच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि जोरजोरात फुंकायला सांगितले. मिनिटभरात फुंकर थांबली, नजर स्थिर झाली, पापण्या फडफडल्या. आठ-दहा सेकंदांनी, काहीच न घडल्यासारखी, ती पुन्हा फुंकू लागली. हा लहान मुलांतील ‘अ‍ॅब्सेन्स’ प्रकारचा अपस्मार. मेंदूच्या आलेखात त्याच्या सेकंदाला तीन लाटा उमटतात. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागातील ‘टी’ प्रकारची कॅल्शियमची दारे हा ताल धरण्यास कारणीभूत होतात. एथोसक्सिमाइड हे औषध जुने, परंतु ते नेमके याच दारांचा प्रवाह कमी करते हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखविले. मेंदूतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या मुलीला ते सुरू झाले. तिची तंद्री गेली आणि चापटही गेली. कॅल्शियम कमी पडते म्हणून हा आजार नव्हता. त्याला आवर घातला तेव्हा तो थांबला.

मग कॅल्शियम कमी झाल्याने झटके येतच नाहीत का? येतात, आणि येथेच निसर्गाने आम्हाला कोड्यात टाकले आहे. रक्तातील कॅल्शियमची नेहमीची पातळी दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ती फार खाली गेली की पेशीच्या बाहेरील पृष्ठभागाशी सोडियमच्या दारांना आवरून धरणारे कॅल्शियमचे कण कमी पडतात आणि चेतातंतू किरकोळ कारणानेही पेटतात. नवजात बाळे, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मुडदूस झालेली मुले, गळ्याच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झालेले रुग्ण यांच्यात असे घडते. हातपायांना वेडेवाकडे वळ येतात, बोटे आखडतात, कधी पूर्ण झटका येतो. अशा वेळी रुग्णालयात हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून सावकाश दिलेले कॅल्शियमचे इंजेक्शन जादूसारखे काम करते. म्हणून पहिल्या झटक्यानंतर साखर, सोडियम यांच्याबरोबर कॅल्शियमही तपासतात. त्या मुलीचे रक्त मी १९९७ साली तपासले असते तर माझे खोटे मलाच कागदावर दिसले असते.

बाहेर थोडे कमी झाले तरी गोंधळ आणि आत जास्त शिरले तरी गोंधळ, असे हे द्रव्य आहे. त्याचे महत्त्वही एका चुकीतूनच कळले. १८८० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रवात ठेवून प्रयोग करीत होते. हृदय चांगले धडधडत राहिले. नंतर कळले की द्रव ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने बनविला गेला होता. शुद्ध पाणी वापरताच धडधड मंदावली. नळाच्या पाण्यातील क्षारांत कॅल्शियम होते. रिंगर यांनी १८८३ साली आपली चूक छापून कबूल केली. आपण सलाइनच्या बाटलीवर वाचतो ते ‘रिंगर लॅक्टेट’ त्यांच्याच नावाचे. आमच्याकडील बोअरच्या पाण्याने हंड्यावर चढणारा पांढरा थर पाहिला की मला रिंगर आठवतात, आणि चूक उघडपणे मान्य करण्याची त्यांची रीतही आठवते.

त्या मुलीच्या हकीकतीत कॅल्शियमने आणखी एकदा तोंड दाखविले. नगरला तिच्या मेंदूचा सिटी स्कॅन झाला. अहवाल नवऱ्याने कोणाकडून तरी वाचून घेतला होता. त्यात ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द होता. ‘बघा साहेब, कॅल्शियमच निघालं!’ तो म्हणाला. मला हसावे की रडावे कळेना. मेंदूतील तो पांढरा ठिपका म्हणजे डुकराच्या मांसातून माणसाकडे येणाऱ्या फीतकृमीच्या मेलेल्या अळीभोवती जमलेला चुना होता. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तेथून न धुतलेल्या भाजीवर किंवा हातांवर येतात; म्हणून कधीही मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. अळी मेंदूत पोचते, मरते, तिच्याभोवती सूज येते आणि शेवटी कॅल्शियमचा खडा उरतो. तो व्रण आजूबाजूच्या पेशींना डिवचत राहतो. हा ठिपका दूध पिऊन, तंबाखूला चुना लावून किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी होत नाही. त्याला अडविण्याचा मार्ग म्हणजे शौचालय, स्वच्छ पाणी, धुतलेले हात आणि धुतलेली भाजी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान व औषध मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. ही औषधे बहुतेकांना परवडण्यासारखी आहेत. अडते ते ती रोज न चुकता घेण्यापाशी, आणि रोज घेण्यासाठी आपण काय घेत आहोत हे आधी माहीत असावे लागते. म्हणून आता ऊसतोडीला निघणाऱ्या माझ्या प्रत्येक अपस्माराच्या रुग्णाला मी सहा महिन्यांचा हिशेब करून गोळ्या लिहून देतो, आजाराचे नाव चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहितो आणि जोडीदाराला समोर बसवून सांगतो : ही गोळी संपू द्यायची नाही, चुलीपाशी एकटीला बसू द्यायचे नाही, विहिरीवर एकटीने जायचे नाही. तरुण स्त्रियांना आणखी एक सांगतो. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक असतात आणि ती आधी बदलावी लागतात. परंतु दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःहून गोळी थांबवू नका.

ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे गेली आहे. बोटे तशीच वाकडी आहेत. शस्त्रक्रियेने थोडी सुटली, पूर्ण नाही. झटका येऊन अनेक वर्षे झाली. मुलाला मोटारसायकल चालवायला लावून दर तीन महिन्यांनी येते. गेल्या वर्षी तिची हाडे दुखू लागली. फेनिटॉइनसारखी औषधे बरीच वर्षे घेतली की यकृतात ड जीवनसत्त्व लवकर नष्ट होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. तपासणीत तसेच निघाले. मी तिच्या कागदावर ड जीवनसत्त्व लिहिले आणि त्याखाली कॅल्शियम.

तिने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘हे खरं आहे ना, साहेब?’

‘खरं आहे,’ मी म्हणालो, आणि हाडांचा अहवाल तिच्यापुढे ठेवून प्रत्येक ओळ वाचून दाखविली. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. आईला कोणता आजार आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तिची रात्रीची गोळी तोच काढून देतो.